तीन वेळा उघडलेली चाल

काकूंना युद्धातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी रोज तीस-चाळीस सेनापती त्यांच्याकडे गाऱ्हाणी घेऊन यायचे. कुणाचा रणगाडा चिखलात रुतला तो निघेचना, कुणाच्या सैन्याला तीन दिवस रसद पोचली नाही, कुणी पूल उडवला तरी शत्रू नदी ओलांडून आरामात दारात हजर. काकू प्रत्येकाचं शेवटपर्यंत वाचायच्या, चष्मा डोक्यावर सरकवायच्या आणि उत्तर लिहायच्या. 'नमस्कार. पुलाच्या शेजारच्या चौकटीत पाणी उथळ आहे का ते पाहावे. असल्यास शत्रू पुलावरून नव्हे, पाण्यातून आला.' खाली सही, 'मदत कक्ष'. पलीकडचे लोक त्यांना 'सर' लिहायचे, एकजण तर 'कर्नल' म्हणायचा. काकूंनी कुणाला दुरुस्त केलं नाही. तेवढंच पद मिळतंय तर कशाला नाही म्हणा.

त्या म्हणजे इथल्या मालकाच्या सख्ख्या काकू. पुतण्याने तीन खोल्या घेऊन कॉम्प्युटरवरचे युद्धाचे खेळ बनवायचा उद्योग काढला होता. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर ही मंडळी: पुतण्या, रणगाडे आणि डोंगर रंगवणारी एक मुलगी, आणि खेळाचा सगळा प्रोग्राम लिहिणारे मास्तर. मास्तर पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. सुरुवातीला ग्राहकांना उत्तरंही तेच द्यायचे. एकाला त्यांनी लिहिलं होतं, 'खेळ बरोबर आहे. आपण चुकीचे आहात.' त्यावर तो ग्राहक इतका भडकला की पुतण्याला तीन दिवस जेवण गेलं नाही. त्याच सुमारास काकूंची कंपनी बंद पडली. कपडे धुण्याच्या यंत्रांची कंपनी होती ती, आणि काकूंनी तिथे बावीस वर्षं तक्रारींच्या टेबलावर काढली होती. पुतण्या म्हणाला, "काकू, तू नुसती येऊन बस आणि लोकांशी बोल. आम्ही बोललो की भांडणं होतात." काकू आल्या, बसल्या, आणि पाच वर्षं झाली तरी उठल्या नाहीत.

आता या खेळाची तऱ्हा सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दोन माणसं दोन घरी बसून हा खेळतात. एकजण आपली चाल खेळतो, ती कॉम्प्युटरवरून दुसऱ्याकडे जाते. दुसरा सवड मिळेल तेव्हा, आज नाहीतर परवा, आपली चाल खेळून परत पाठवतो. एकेक डाव सहा-सहा महिने चालतो. हल्ला केला की खेळ आतल्या आत फासे टाकतो, त्यावर हार-जीत. मग लबाड माणूस काय करतो? फासे वाईट पडले की खेळ बंद करतो, तीच चाल पुन्हा उघडतो आणि नव्याने हल्ला करतो. मनासारखं दान पडेपर्यंत. यावर मास्तरांनी पहिल्याच आवृत्तीत तोड काढली होती. चाल कितीदा उघडली याची नोंद खेळ ठेवायचा, आणि एकापेक्षा जास्त वेळा उघडली असेल तर समोरच्याला कळवायचा: 'प्रतिस्पर्ध्याने ही चाल तीन वेळा उघडली.' ज्याने उघडली त्याला मात्र काहीच दिसत नसे. या नोंदीवर मास्तरांचा फार जीव. हजार-अकराशे लोक अनोळखी माणसाशी विश्वासाने खेळतात ते हिच्याच जोरावर, असं ते म्हणत, आणि ते खरंही होतं.

या नोंदीबद्दल कुणी शंका काढली की पाठवायला काकूंकडे एक तयार उत्तर होतं. अशी चाळीस-पन्नास तयार उत्तरं त्यांनी वहीत आणि कॉम्प्युटरवर लिहून ठेवलेली, त्यात हे सतरावं. 'ही नोंद यंत्र ठेवते. ती चुकत नाही.' शब्द मास्तरांचे, नमस्कार काकूंचा.

एका मंगळवारी सकाळी काकूंनी कॉम्प्युटरवरचं टपाल उघडलं तर त्यात एक मोठं पत्र होतं.

'नमस्कार. मी तुमचा खेळ खेळत नाही. माझे वडील आणि माझे सासरे खेळतात, नऊ वर्षं, एकमेकांशीच. माझ्या लग्नाची बोलणी करायला म्हणून बसले आणि दोघांनाही ह्याच खेळाचा नाद आहे असं निघालं. मग माझं लग्न राहिलं बाजूला. महिन्यापूर्वी खेळाने सासऱ्यांना कळवलं की माझ्या वडिलांनी चाल तीन वेळा उघडली. पुढच्या चालीला पाच वेळा. सासऱ्यांनी तुम्हाला विचारलं, हे चुकीचं असू शकतं का. तुम्ही लिहिलंत, नोंद चुकत नाही. ते त्यांनी छापून घेतलं आणि रविवारी सगळे जेवायला बसलेले असताना तो कागद माझ्या वडिलांच्या ताटाशेजारी ठेवला. म्हणाले, व्याही, हे वाचा मोठ्याने. वडील ताटावरून उठून गेले. दर रविवारी यायचे, ते आता येत नाहीत. सासरे म्हणतात, आधी लबाडी कबूल करा, मग या घरात पाय ठेवा. वडील म्हणतात, केलीच नाही ती कबूल कशी करू. मला नववा लागला आहे. आई नाही. वडील येणार नसतील तर मी इथे राहणार नाही असं मी नवऱ्याला सांगून टाकलं आहे, आणि ते मी नुसतं बोलायचं म्हणून बोलले नाही. दवाखान्यातून बाळाला घेऊन कुठल्या घरी जायचं ते अजून ठरलेलं नाही. तुम्हाला एकच विचारायचं आहे. ते उत्तर तुम्ही पाहून लिहिलं होतंत का?'

काकूंनी जुनं टपाल शोधलं. सासऱ्यांचं पत्र सापडलं. हे गृहस्थ जमीन मोजणीच्या खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आणि पत्राखाली सहीबरोबर तो हुद्दा सगळाच्या सगळा लिहिलेला. त्यांचं पत्र आलं होतं अकरा वाजून दोन मिनिटांनी. काकूंचं उत्तर गेलं होतं अकरा वाजून सहा मिनिटांनी. चार मिनिटांत कुणी काय पाहणार, डोंबल? काकूंना लाज वाटली, अगदी सरळ लाज वाटली. एवढी वर्षं तक्रारी ऐकण्यात घालवलेली बाई, आणि न बघता ठोकून दिलं.

त्यांनी मास्तरांच्या टेबलाशी जाऊन पत्र वाचून दाखवलं.

"वाईट झालं," मास्तर म्हणाले. "पण काकू, तीन म्हणजे तीन. चाल उघडली की एक मिळवायचा. यात चुकायला जागा कुठे आहे?"

"यंत्र नेहमी बरोबरच असतं हो मास्तर. आमच्याकडेही कारखानेवाले हेच सांगायचे. एका बाईच्या मोरीत दर सोमवारी पाणीच पाणी व्हायचं. तीनदा माणूस पाठवला, यंत्र धडधाकट. मग मी विचारलं, बाई, सोमवारी घरी कोण येतं? तर दीर यायचा. यंत्राची नळी काढून त्या नळाला आपली नळी लावायचा, गाडी धुवायचा, आणि यंत्राची नळी परत सैल बसवून जायचा."

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"दीर शोधायला हवा," काकू म्हणाल्या, आणि पत्र लिहिणाऱ्या सुनेकडून तिच्या वडिलांच्या दुकानाचा नंबर मागवून घेतला.

वडिलांचं औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाईक, बाटल्या, चिठ्ठ्या, सगळं एकट्याने बघायचे. आवाज मऊ, पण फोनवर काकूंनी खेळाचं नाव काढताच तो आवाज कोरडा झाला. "ताई, मी एकदा नाही म्हणून सांगितलंय. शंभरदा सांगू?"

"मला तुम्ही नाही म्हणावं असं नकोच आहे," काकू म्हणाल्या. "काय बिघडलं तेही नका सांगू. चाल आली की तुम्ही हाताने काय काय करता, तेवढं सांगा. पहिल्यापासून. मला घाई नाही."

औषधवाले सांगू लागले. चाल आली की ते दुकानातच उघडतात. गल्ल्याशेजारी लॅपटॉप असतो. आधी नकाशा बघतात, मग रसद, मग तोफा. एक चाल पुरी व्हायला दुपार जाते, कारण मधे मधे, "एक मिनिट हं ताई, गिऱ्हाईक आलंय."

फोन ठेवल्याचा आवाज आला, त्याच्या आधी एक बारीकसा 'टक्'. मग लांबून खोकल्याच्या औषधाबद्दलचं बोलणं, दिवसातून तीनदा, जेवल्यावर, गाडी चालवू नका. पाच-सात मिनिटांनी ते परत आले.

"ते टक् कशाचं वाजलं मघाशी?" काकूंनी विचारलं.

"टक्? झाकण असेल. लॅपटॉपचं. गिऱ्हाईक आलं की मी मिटून ठेवतो. आजारी माणसं येतात हो दुकानात, त्यांच्यासमोर रणगाडे आणि धूर बरा दिसत नाही."

"दर वेळी मिटता?"

"दर वेळी. नऊ वर्षं."

काकूंनी फोन ठेवला आणि पुतण्याचा लॅपटॉप उचलून आणला. तिन्ही खोल्यांत तेवढा एकच होता. बाकी सगळी यंत्रं टेबलावरची, कधीही न मिटणारी, आणि मास्तर प्रत्येक आवृत्ती त्यांच्यावरच तपासून पाहायचे. काकूंनी एक चाल उघडली, झाकण मिटलं, पाणी पिऊन आल्या, पुन्हा उघडलं. असं चारदा केलं. मग ती चाल मास्तरांच्या नावावर पाठवून दिली.

मास्तरांच्या पडद्यावर अक्षरं आली: 'प्रतिस्पर्ध्याने ही चाल पाच वेळा उघडली.'

मास्तरांनी प्रोग्राम उघडून खाली खाली सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नवी आवृत्ती दीड महिन्यापूर्वी निघाली होती. झाकण मिटलं तर खेळ आपणहून जपून ठेवावा आणि उघडल्यावर होता तिथूनच पुढे चालू करावा, अशी सोय त्यांनी तीत केली होती. खेळणाऱ्याला काही कळायचं नाही, फासेही पुन्हा पडायचे नाहीत. पण जपून ठेवलेलं परत उघडताना खेळ एक मिळवत होता. कसलाही तपास न चुकवणारे मास्तर, त्यांनी यंत्र कधी मिटलंच नव्हतं.

"ही सोय मागितली कुणी होती?" मास्तर हळूच म्हणाले.

"लोकांनी. अकरा पत्रं होती. मीच आणून दिली तुम्हाला," काकू म्हणाल्या. "आणि सतरा नंबरचं उत्तर या दीड महिन्यात आठ जणांना गेलंय. एरवी वर्षात एकदा जायचं. धुण्याच्या यंत्राची एकसारखी आठ गाऱ्हाणी आली असती तर मी कारखान्यात जाऊन उभी राहिले असते. इथे बटण दाबत राहिले. तेव्हा आता एकट्याने डोक्याला हात लावून बसू नका."

मास्तरांनी दुपारपर्यंत चूक दुरुस्त केली. पुतण्याने जाहीर कबुली द्यायचं ठरवलं, आणि त्या आठ जणांना काकूंनी स्वतः लिहायचं.

इथवर सगळं सोपं होतं. पण काकूंनी मनाशी खूणगाठ बांधली होती की या वेळी जे लिहायचं ते पाहून. मोजणीसाहेबांना, म्हणजे त्या सासऱ्यांना, लिहिण्याआधी त्यांनी दोन्ही व्याह्यांच्या नऊ वर्षांच्या सगळ्या चाली काढल्या. औषधवाल्यांनी पूर्वी कधी काही केलेलं नाही, हे छातीठोकपणे लिहिता यावं एवढाच हेतू. सहाशेच्या वर चाली होत्या. औषधवाल्यांच्या नावापुढे एक, एक, एक, एक, शेवटच्या दीड महिन्यापर्यंत सगळीकडे एक.

शेजारचा रकाना मोजणीसाहेबांचा. एक, एक, चार, एक, दोन, एक, सहा.

काकूंनी चष्मा पुसला. मग कागद घेऊन मोजलं. त्रेसष्ट चाली. हे सगळं नव्या आवृत्तीच्या आधीचं, झाकणाची भानगड नव्हती तेव्हाचं. एखाद्या वेळी खेळ बंद पडला असेल, दोन-चारदा वीज गेली असेल, पण माणूस ऐन हल्ल्याच्या वेळी त्रेसष्टदा वीज घालवून बसत नाही. आणि त्या त्रेसष्ट वेळा खेळाने आपलं काम चोख केलं होतं. प्रत्येक नोंद औषधवाल्यांकडे पोचली होती. काकूंनी त्यांची जुनी पत्रं शोधली. नऊ वर्षांत एकच होतं: अक्षरं बारीक आहेत, मोठी करता येतील का.

त्यांनी दुकानात फोन लावला. आधी चूक आमची होती, खेळाची होती, तुमची नव्हती, असं स्पष्ट सांगितलं आणि क्षमा मागितली. काकू पुढे बोलायचं की नाही या विचारात थांबल्या.

"जुन्या चाली पाहिल्यात वाटतं," औषधवालेच म्हणाले.

"पाहिल्या."

"हं."

"तुम्ही कधी काही बोलला नाहीत."

"काय बोलणार? पहिली नोंद आली तेव्हा पोरीला त्या घरात जाऊन आठवडा झाला होता. मुलीच्या सासऱ्याला विचारू, की चाल चार वेळा का उघडलीत म्हणून? म्हटलं, जाऊ दे. मग सवय झाली. माणूस वाईट नाही ताई. माझी पोर आजारी पडली तर तिच्या उशाशी हाच बसतो. फक्त हरणं सोसत नाही. आता एखाद्याला गोड सोसत नाही, तसं."

"आणि त्यांनी ताटाशेजारी कागद ठेवला, तेव्हा?"

तिकडे कुणीतरी काहीतरी मागितलं. औषधवाल्यांनी त्याला थांबायला सांगितलं. "तेव्हा जिभेवर आलं होतं. पण समोर माझी पोर वाढत होती. मी बोललो असतो तर तो सगळ्यांदेखत खाली मान घालून बसला असता, आणि तिला रोज त्याच टेबलावर जेवायचंय. म्हणून उठलो. बसलो असतो तर बोललो असतो." मग थोड्या वेळाने, "ताई, एक काम करा. ते खोलात शिरणारे आहेत, तुम्हाला विचारतील, ही नोंद कधीपासून आहे. सांगा, आत्ताच आली. नवीन आहे. त्यांच्या जुन्या चाली कुणाला कळल्याच नाहीत असं त्यांना वाटतं, तसंच वाटू दे."

काकू बघते म्हणाल्या. त्यांनी मोजणीसाहेबांना पत्र लिहिलं: चूक कुठे होती, कशी झाली, औषधवाले गिऱ्हाईक आल्यावर झाकण मिटत होते एवढंच, त्यांनी एकही चाल दुसऱ्यांदा खेळलेली नाही, आणि आपल्याला दिलेलं उत्तर मी न तपासता दिलं, त्याबद्दल क्षमस्व. जुन्या चालींबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं.

तासाभरात उत्तर आलं. 'आपण चूक कबूल केलीत हे योग्यच. म्हणजे मी जे बोललो ते आपल्या लेखी उत्तराच्या आधारावर बोललो, हे स्पष्ट आहे. व्याह्यांना तसे कळवीत आहे. त्यांनीही आता विषय ताणू नये. एक शंका. ही नोंदीची पद्धत या आवृत्तीपासूनच सुरू केलीत ना? पूर्वी मला अशी नोंद कधी दिसलेली नाही.'

"बघ, बघ कसं लिहिलंय," काकू पुतण्याला म्हणाल्या. "त्यांनीही ताणू नये! भर पंगतीत माणसाला ताटावरून उठवलं आणि वर त्यालाच शहाणपण. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच."

पुतण्याला सगळं माहीत झालं होतं. तो म्हणाला, "काकू, लिही की नवीन आहे. एका ओळीचं काम. तो खूश, औषधवाला खूश, पोरीचं बाळंतपण सुखाने होईल. आपलं काय जातंय?"

"खोटं आहे ते," मास्तर आपल्या टेबलावरून म्हणाले.

"मास्तर, तुम्ही मधे बोलू नका. तुमच्यामुळे तर झालंय हे."

काकूंनी लिहिलं, 'होय, नवीनच आहे.' आणि पाठवण्याऐवजी त्या वाक्याकडे बघत बसल्या.

पुतण्या म्हणतो ते खोटं नव्हतं. एका ओळीत दोन घरं सावरत होती. औषधवाल्यांनी स्वतः मागितलं होतं, त्यांच्या मुलीसाठी. पण मग पुढच्या रविवारी काय होणार होतं ते काकूंना दिसत होतं. मोजणीसाहेब टेबलाच्या टोकाला बसून सांगणार, कंपनीची चूक झाली बरं का, माझी काही नाही, आणि औषधवाले हसून मान डोलावणार आणि घास गिळणार. नऊ वर्षं गिळले तसे. ती पोर सगळं बघणार आणि तिला कधी कळणार नाही की तिच्या बापाने तिच्यासाठी काय काय पोटात घातलं. आणि पुन्हा कधी मोजणीसाहेबांना हरणं सोसलं नाही की पुन्हा कागद निघणार. शिवाय ही एक गोष्ट होतीच: या माणसाला काकूंनी एकदा सोयीचं उत्तर दिलं होतं. पटकन, चार मिनिटांत. त्याचा काय प्रताप झाला तो समोर होता.

त्यांनी ओळ पुसली आणि नवी लिहिली. 'नाही. ही नोंद पहिल्या आवृत्तीपासून आहे. ज्याने चाल उघडली त्याला ती दिसत नाही, समोरच्याला दिसते. दीड महिन्यापूर्वीपर्यंत ती बिनचूक होती. आपल्या चालींच्या नोंदी त्या त्या वेळी आपल्या व्याह्यांकडे पोचल्या आहेत. त्यांनी आमच्याकडे कधीही तक्रार केलेली नाही.'

पाठवलं. मग पुतण्याला सांगितलं. पुतण्याने कपाळाला हात लावला.

उत्तर आलं नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. काकू दर थोड्या वेळाने टपाल बघत होत्या आणि मधल्या वेळात कुणाकुणाचे रुतलेले रणगाडे काढत होत्या. शुक्रवारी सुनेचं पत्र आलं. 'सासरे दोन दिवस खोलीबाहेर येत नाहीत. जेवण दारातून आत घेतात. वडिलांना विचारलं तर म्हणतात, मी काही केलं नाही, त्या बाईंनी सांगितलेलं दिसतंय. तुम्ही काय सांगितलंत? मला पुढच्या आठवड्याची तारीख दिली आहे.'

एकदा न बघता घर मोडलं, आता बघून मोडलं, असं झालं असेल तर? त्यांना औषधवाल्यांना फोन करायचा धीर झाला नाही. सुनेला मात्र उत्तर देणं भागच होतं. त्यांनी लिहिलं, 'सासऱ्यांनी मला एक प्रश्न विचारला. मी त्याचं खरं उत्तर दिलं. ते काय होतं ते त्यांनीच तुम्हाला सांगायला हवं, मी सांगणं बरोबर नाही. पण तुमच्या वडिलांनी लबाडी केलेली नाही, नऊ वर्षांत एकदाही नाही, आणि हे मी पाहून लिहिते आहे.'

शनिवार-रविवार सुट्टी. काकूंनी घरी चारदा कुकरच्या शिट्ट्या मोजायला घेतल्या आणि चारही वेळा विसरल्या.

सोमवारी दुपारी औषधवाल्यांचं पत्र आलं. काकूंनी उघडण्याआधी खुर्ची पुढे ओढली.

'ताई, नमस्कार. एक अडचण आहे. आज सकाळी दुकान उघडलं तर व्याह्यांची चाल आलेली. उघडून बघतो तर शरणागती. डाव तेच जिंकत होते, आणखी चार चालींत त्यांनी मला गुंडाळलं असतं. तासाभराने स्वतः दुकानात आले. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले आहेत ते बसलेच आहेत. बोलत काही नाहीत आणि उठतही नाहीत. मी त्यांना म्हटलं, मला ही शरणागती नको. ते म्हणाले, घ्या. मी म्हटलं, नको. इतकंच बोलणं झालंय. परत करायचं बटण मला सापडत नाही. मग तेही उठून शोधायला आले, त्यांनाही सापडलं नाही, पुन्हा जाऊन बसले. कुठे असतं ते लवकर सांगा. संध्याकाळी आम्हा दोघांना त्यांच्या घरी, मुलीकडे जायचं आहे, आणि हे असं अर्धवट ठेवून कसं जायचं?'

काकूंनी दोनदा वाचलं. मग पदराने डोळे पुसले, चष्मा लावला आणि हाक मारली, "मास्तर, शरणागती परत करायचं बटण कुठे आहे?"

"नाहीच आहे," मास्तर म्हणाले. "शरणागती कोण परत करतो?"

"इथून काढता येईल?"

"येईल. शेवटची चाल पुसून आधीची बसवायची. दहा मिनिटं लागतील."

"मग बसवा."

त्या टेबलाशी वळल्या. या उत्तराला तयार उत्तरांमध्ये नंबर नव्हता, तेव्हा स्वतःच लिहावं लागलं.

'नमस्कार. खेळात तसं बटण नाही. आम्ही इथून शरणागती काढून डाव होता तसा करून देत आहोत. दहा मिनिटं लागतील. तोपर्यंत त्यांना उठू देऊ नका.'